तरतूद वाढली म्हणतात, मग उपकेंद्रात पैसा का दिसत नाही?

उंबरठा
११ मार्च, रात्री ९.४०

फेब्रुवारीत केंद्राचा आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला की टीव्हीवर आरोग्याचा आकडा झळकतो. शेजारी वर जाणारा हिरवा बाण. २०२५-२६ साठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला साधारण ९९,८५९ कोटी.

मी गेली दोन वर्षं आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. (समितीचं नाव लिहितानाच रजिस्टरची ओळ संपते.) या समितीला वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी मिळतो. गावाला आरोग्याचं जे काम गरजेचं वाटेल त्यावर खर्च करायचा, अशी त्यामागची कल्पना. राष्ट्रीय आरोग्य अभियान सुरू झालं त्या काळातही रक्कम दहा हजारच होती, आजही दहाच. गावची लोकसंख्या अठराशे धरली तर माणशी साडेपाच रुपये. महिन्याला नव्हे, वर्षाला.

गेल्या वर्षी हे पैसे खात्यावर पडले मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा, पावत्या जोडा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या. अंगणवाडीतला झोळीचा वजनकाटा बिघडलेला. रिकामी झोळी अडकवली तरी ४०० ग्रॅम दाखवायचा. ताई दर बाळाच्या वजनातून मनातल्या मनात चारशे वजा करून रजिस्टरला लिहायच्या. मी म्हटलं, नवा काटा घेऊ. तर दरपत्रकं मागवा, ठराव घ्या, मग खरेदी; आणि हातात दिवस नऊ. शेवटी ब्लीचिंग पावडर, फिनाईल आणि एक फलक. फलक रंगवणारा त्याच दिवशी पावती देतो, म्हणून फलक.

विचारायचं इतकंच की ते ९९ हजार कोटी निघाल्यापासून आमच्या दहा हजारांपर्यंत वाटेत नक्की होतं काय? भ्रष्टाचार हे एका शब्दाचं उत्तर मलाही ठाऊक आहे. त्याच्या पलीकडचं कुणाला माहीत असेल तर लिहा.

कट्टेकरी
११ मार्च, रात्री १०.०५

फलकावर काय रंगवलंत ते पण सांगा.

उंबरठा
११ मार्च, रात्री १०.१२

"आपले आरोग्य आपल्या हाती."

कट्टेकरी
११ मार्च, रात्री १०.१३

मग बरोबरच आहे की. 😄

लेखाशीर्ष
१२ मार्च, सकाळी ७.२०

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. जमेल तेवढं सांगतो.

पहिला गोंधळ "सरकार" या शब्दाचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत. म्हणजे मुख्य जबाबदारी राज्याची आणि खर्चाचा मोठा वाटाही राज्यांचाच. केंद्राच्या ९९ हजार कोटींत एम्ससारख्या संस्था, केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, संशोधन असं बरंच काही बसतं. तुमच्या गावाशी थेट नातं आहे ते त्यातल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं. त्याला २०२५-२६ साठी सुमारे ३७,२२७ कोटी. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरा, माणशी वर्षाला २६६ रुपये झाले. त्यात आपलं राज्य भर घालतं: केंद्र ६०, राज्य ४०. हे प्रमाण २०१५-१६ पासूनचं, त्याआधी केंद्राचा वाटा जास्त होता.

दुसरा गोंधळ "तरतूद" या शब्दाचा. तरतूद म्हणजे परवानगी. विधिमंडळानं सांगितलं की या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातला खर्चाचा रकाना) इतका खर्च करायला हरकत नाही. तिजोरीतून पैसा निघणं वेगळं. वित्त विभाग वर्षभर टप्प्याटप्प्यानं निधी सोडतो. बीडीएसवर (निधी वितरणाची संगणक प्रणाली) जेवढा दिसेल तेवढाच तुमचा. आमच्याकडे एक म्हण होती: पुस्तकात आहे पण बीडीएसला नाही, म्हणजे पंगतीत बसवलंय पण वाढपी आलेला नाही.

म्हणून अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलंत तर एक आकडा पाहू नका. शेजारी शेजारी स्तंभ असतात. गेल्याच्या गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, गेल्या वर्षीचा अंदाज किती होता, तो सुधारून किती केला, आणि यंदाचा अंदाज. बातमी शेवटच्या स्तंभाची होते. मी पहिला वाचायचो. आरोग्याचं मुख्य लेखाशीर्ष २२१०, कुटुंब कल्याण २२११, इमारतींचा भांडवली खर्च ४२१०. एवढे तीन क्रमांक पाठ केलेत तरी पुरे.

अभियानाच्या पैशाचा रस्ता आणखी वळणाचा. केंद्राचा हप्ता राज्याकडे येतो, राज्यानं आपला हिस्सा त्यात घालून तो ठरलेल्या मुदतीत पुढे ढकलायचा. २०२१ पासून प्रत्येक योजनेला राज्यात एकच मध्यवर्ती खातं. खालच्या मंडळींना खर्चाची मर्यादा मिळते, पैसा वरच राहतो. हेतू चांगला होता. पूर्वी पैसा गावोगावच्या खात्यांत वर्षानुवर्षं झोपून राहायचा, ते मीच पाहिलंय. पण पुढचा हप्ता हवा तर आधीचा खर्च झालेला दिसला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यातली शंभर उपयोगिता प्रमाणपत्रं अडकली तर मार्च उजाडतो. तुमचे नऊ दिवस असे तयार होतात. कुणी चोरलेले नसतात.

(टंकनाच्या चुका पोटात घाला, फोनवरून लिहितोय.)

निर्मोही
१२ मार्च, सकाळी ११.३०

लेखाशीर्ष यांचा प्रतिसाद उत्तम. पण यातून माझा मुद्दाच पक्का होतो. पैसा कमी नाहीच, खर्च करता येत नाही. दरवर्षी निधी समर्पित होतो, परत जातो. ज्याला दहा हजार नीट वापरता येत नाहीत त्याला पन्नास देऊन काय होणार? फलकच मोठा होईल.

लेखाशीर्ष
१२ मार्च, दुपारी १२.१५

निर्मोही, पैसा परत जातो हे सत्य. का परत जातो ते पाहा. एका लेखाशीर्षाखाली वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पगाराची तरतूद आहे आणि पदंच रिकामी आहेत. वर्षअखेर तो पगार "बचत" म्हणून समर्पित होतो. कागदावर बचत, दवाखान्यात डॉक्टर नाही. माझ्या हातून असे कागद गेलेत, म्हणून सांगतो. "खर्च करण्याची क्षमता नाही" असा शेरा मारणं सोपं आहे. क्षमता म्हणजे शेवटी माणसंच ना? ती नेमायची नाहीत आणि मग क्षमता नाही म्हणायचं.

औषधांचंही तसंच. आपल्याकडे २०१७ पासून खरेदी हाफकिनकडे गेली, मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. दर वेळी व्यवस्था बदलली की मधल्या काळात मागणीपत्रं हवेत. तमिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीचं एक महामंडळ काढलं आणि तेच चालवत नेलं. तिथे दवाखान्याला बँकेसारखं पासबुक असतं. वर्षाचं तुमचं औषध इतक्या रुपयांचं, उचललंत तेवढं वजा. त्यात भारी तंत्रज्ञान काही नाही.

टक्केटोणपे
१२ मार्च, सायंकाळी ६.५०

अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे टक्केवारी आल्याशिवाय राहवत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये केंद्र आणि राज्यं मिळून सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या १.१५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के. त्याच काळात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा एकूण आरोग्य खर्चाच्या ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ वर आला. सुधारणा झाली हे मान्य करायला हवं. "काहीच होत नाही" हा सूर मला आवडत नाही. पण २०२१-२२ हे करोनाचं, लसीकरणाचं वर्ष आहे, हेही डोक्यात ठेवा.

आता आपणच लिहून ठेवलेलं उद्दिष्ट पाहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलंय की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के व्हावा आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक प्राथमिक आरोग्यावर व्हावा. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्याला द्यावेत, ही अपेक्षा तर २०२० ची होती. पंधराव्या वित्त आयोगानं तेच पुढे नेलं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी पाच वर्षांना ७०,०५१ कोटींचं अनुदान सुचवलं. ती पाच वर्षं २०२१-२२ ते २०२५-२६ ची.

केंद्राच्या २०२५-२६ च्या सुमारे ५०.६५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. आणि पगाराच्या स्लिपवर दिसणारा ४ टक्के "आरोग्य व शिक्षण उपकर"? नाव आरोग्याचं, पण उपकर राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या रकमेत येत नाही. आरोग्याची जबाबदारी ज्यांची, त्यांना त्यातून हक्काचा हिस्सा नाही. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

रानवारा
१२ मार्च, रात्री ८.१०

हे सगळं मागच्या सरकारचं पाप आहे. त्यांच्या साठ वर्षांत

रानवारा
१२ मार्च, रात्री ८.११

अर्धवट गेला प्रतिसाद. साठ वर्षांत काय केलं ते आधी

संपादक
१२ मार्च, रात्री ८.३०

पक्षीय वाद दुसऱ्या धाग्यावर. इथले पुढचे सात प्रतिसाद काढले आहेत.

सुईदोरा
१३ मार्च, दुपारी ३.१५

मी आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख करणारी. रोज वाचत होते, लिहायला आज सवड मिळाली.

तुम्ही सगळे कोटींत बोलताय. मी बाळाच्या घरभेटीबद्दल सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. बाळाचं वजन, ताप, बेंबी, अंगावर ओढतंय का, आईला रक्तस्राव, सगळं तक्त्यात भरायचं. सहा भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. एका भेटीचे ४१ रुपये ६७ पैसे. पाच भेटी झाल्या आणि बाळंतीण माहेरी दुसऱ्या तालुक्यात गेली, तर सहावीचं काय, यावर दर महिन्याच्या बैठकीत भांडण.

या भेटी कुणी टेबलावर बसून शोधलेल्या नाहीत. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'नं गावातल्या आरोग्यदूत बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, १९९९ मध्ये ते जगापुढे आलं. पुढे २०११ पासून ते आशांच्या कामात घेतलं गेलं. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, जामखेडला आरोळे दांपत्यानं निरक्षर बायांना गावची आरोग्य सेविका केलं होतं. म्हणजे घरी जाऊन आरोग्य सांभाळण्याची ही पद्धत आपल्या मातीत उगवलेली. जगानं वाखाणली, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना पुरस्कारही दिला. आम्ही बैठकीत टाळ्या वाजवल्या. मग त्याच बैठकीत मागच्या तीन महिन्यांचा मोबदला कधी येणार ते विचारलं.

आशा "स्वयंसेविका" आहे, कर्मचारी नाही. हा शब्द फार महाग पडतो हो. कर्मचारी असेल तर पगार मागे ठेवता येत नाही, ओरड होते. स्वयंसेविकेला मिळतं ते मानधन आणि मोबदला, ते "निधी उपलब्धतेनुसार". आमच्या राज्यात २०२३ मध्ये संप झाला, वाढ जाहीर झाली, पण जीआर निघेना म्हणून २०२४ च्या जानेवारीत बाया पुन्हा रस्त्यावर. मार्चमध्ये मंत्रिमंडळानं दरमहा ५,००० ची वाढ मंजूर केली. घोषणा ते जीआर, जीआर ते खातं, हे अंतर लेखाशीर्ष सरांनी जे बीडीएसचं सांगितलं तेच आहे. फक्त ते एका बाईच्या घरातलं आहे.

आणखी एक. बाळाच्या भेटीला दर तरी ठरलाय. गेल्या महिन्यात आमची एक आशा एका घरी गेली होती लसीकरणाचं सांगायला. आत खाटेवर म्हातारी, अंथरुणात दोन वर्षं. पाठीला जखमा. हिनं सुनेला शिकवलं, दोन दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, घोट्याखाली घडी कशी ठेवायची. दीड तास गेला. महिनाअखेरीस दाव्याचा फॉर्म भरताना मला विचारते, "ताई, हे कशात लिहू?" मी दोन्ही पानं उलटसुलट पाहिली. मला रकाना सापडला नाही.

कट्टेकरी
१३ मार्च, दुपारी ३.४०

हे वाचून धाग्याच्या सुरुवातीची माझी गंमत मागे घेतो.

तिठा
१३ मार्च, रात्री ११.२०

सुईदोरा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर थांबले.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. रुग्णालयात दाखल करणं, स्कॅन, औषधं, यातला बराच भाग सरकारी विमा योजनेत बसला. खरं सांगते, त्या नऊ दिवसांत पैशाची चिंता अर्धी झाली होती, त्याबद्दल तक्रार नाही. दहाव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात दिलं. शेवटची ओळ: "फिजिओथेरपी, पाठीची काळजी, नियमित फॉलोअप." इंग्रजीत, तीन शब्दसमूह. ती एक ओळ आम्ही पुढे सव्वादोन वर्षं जगलो.

हवेची गादी, लघवीची पिशवी, नळी बदलायला येणारी नर्स, रात्रीचा मदतनीस. आई आणि मी पाळ्या लावल्या. मी नोकरी सोडली नाही, बिनपगारी रजा घेत राहिले. शेवटी फरक काही उरला नाही. दुखण्यावर खर्च झाला दहा दिवसांत, सांभाळण्यावर झाला सव्वादोन वर्षांत. सरकारी हिशेबात पहिला खर्च दिसतो. दुसरा कुठेच दिसत नाही, कारण त्यातला मोठा भाग माझ्या आईचे हात होते.

टक्केटोणपे, तुमच्या त्या ३९.४ टक्क्यांत आईचे हात येतात का? टोमणा नाही, खरंच विचारतेय.

टक्केटोणपे
१४ मार्च, सकाळी ८.००

नाही येत. त्या टक्केवारीत पैसे देऊन घेतलेल्या सेवाच येतात. घरच्यांनी विनामोल केलेलं सांभाळणं त्यात धरत नाहीत. म्हणजे तुम्ही मदतनीस काढून टाकून सगळं स्वतः केलं असतं तर आकडेवारीत "खिशातला खर्च कमी झाला" असं दिसलं असतं. तुमच्या प्रश्नानंतर काल रात्री माझंच वाक्य मला जरा पोकळ वाटलं.

योजनेचं गणितही तुम्ही अनुभवलंत तसंच आहे. आयुष्मान भारत जन आरोग्य योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस धरतात. पक्षाघाताचा माणूस सोळाव्या दिवशी चालायला लागतो, असं कुणीतरी गृहीत धरलेलं आहे.

आणि पैसा कुठल्या दिशेला वाढतोय तेही पाहा. या योजनेची केंद्रीय तरतूद २०२४-२५ च्या अंदाजात ७,३०० कोटी होती, २०२५-२६ च्या अंदाजात सुमारे ९,४०६ कोटी. वाढ जवळपास २९ टक्के. आरोग्य अभियान ३६,००० कोटींवरून ३७,२२७, वाढ साडेतीन टक्क्यांच्याही आत. महागाई वजा केली तर जागच्या जागी. विमा वाईट असं मी म्हणत नाही. पण खाटेवरच्या माणसाला पैसा आहे आणि खाट सोडून घरी गेलेल्याला नाही, हा कल आकड्यांत स्पष्ट दिसतो.

निर्मोही
१४ मार्च, सकाळी १०.४५

तिठा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. माझा विरोध सेवेला नाही. पण व्यवहाराचं बोलू. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना सरकारनं सांभाळायचं म्हटलं तर पैसा आणणार कुठून? जपानला परवडतं ते आपल्याला नाही.

टक्केटोणपे
१४ मार्च, सकाळी ११.१०

जपानला तरी कुठे फुकट परवडतं? तिथे २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आला. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. निम्मा पैसा हप्त्यांचा, निम्मा करांचा. आपण आधी म्हातारे होतोय आणि पैशाचा विचार मागून करतोय, एवढाच फरक.

कोकणकडा
१४ मार्च, दुपारी १.३०

जपान कशाला, केरळ पाहा. नोकरीनिमित्त सहा वर्षं तिथे होतो. २००८ मध्ये त्यांनी वेदनाशमन आणि परिहार सेवेचं (बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात त्रास हलका करणारी शुश्रूषा) राज्य धोरण केलं. मुख्य गोष्ट काय, तर ग्रामपंचायतींनी आपल्या आराखड्यात गृहभेटीच्या सेवेसाठी रक्कम काढायची. प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेली प्रशिक्षित नर्स, एक गाडी, गावातले स्वयंसेवक. आमच्या घरमालकांच्या आईकडे ती नर्स यायची. पांढरी जीप वळणावर दिसली की आजी आतून हाक मारायची, दार उघडा म्हणून. नर्स नळी बदलायची, जखम बघायची, वहीत लिहायची, आणि निघताना पायरीवर बसून पाच मिनिटं गप्पा. त्या गप्पांना कोणतं लेखाशीर्ष लावलं होतं ठाऊक नाही, पण पगार पंचायतीच्या आराखड्यातून होता.

निर्मोही
१४ मार्च, दुपारी १.५०

केरळमध्ये पंचायतींना पैसाही मिळतो आणि अधिकारही. आमच्याकडे जिल्हा परिषदेवर प्रशासक बसलाय. आरोग्य समितीचा सभापतीच नाही, मागायचं कुणाकडे?

कोकणकडा
१४ मार्च, दुपारी १.५५

हे बरोबर बोललात. या धाग्यावर पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

लेखाशीर्ष
१४ मार्च, दुपारी ४.२०

अगदीच कुणी नाही असं नका म्हणू. आपल्या राज्यात २००७ पासून लोकाधारित देखरेख होती: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरुवात. गावानं आरोग्यसेवेला गुण द्यायचे, हिरवा-पिवळा-लाल, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचे. मी एका जनसुनवाईला लेखा विभागातर्फे गेलो होतो, नाइलाजानंच. एका बाईनं उभं राहून विचारलं, आमच्या केंद्राला वर्षाला पावणेदोन लाख येतात ना, मग बाळंतिणीच्या खोलीत पाणी का नाही? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रक्कम बरोबर होती: अबंधित निधी, देखभाल आणि रुग्ण कल्याण समितीचं अनुदान धरून १,७५,०००. त्या वर्षी त्यातला मोठा भाग आवाराच्या फाटकावर गेला होता. पुढच्या वर्षी टाकी बसली. तीस हजार लोकवस्तीच्या केंद्राला पावणेदोन लाख म्हणजे इथेही माणशी पावणेसहा रुपयेच, पण ते कशावर जातात ते विचारणारं कुणी असलं की थोडा फरक पडतो.

उंबरठा, एक करा. तुमच्या समितीची रोकडवही गेल्या पाच वर्षांची काढा आणि दर वर्षी पैसे आल्याची तारीख एका कागदावर उतरवा. खर्चाचं नंतर, आधी तारखा.

उंबरठा
२ एप्रिल, रात्री ८.४५

धागा वर काढतोय. रोकडवही मिळायला वेळ लागला. ती कपाटात होती आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या माणसाबरोबर गेली होती.

तारखा: एका वर्षी नोव्हेंबर, एका वर्षी फेब्रुवारी, दोन वर्षी मार्च, एका वर्षी काहीच नाही. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत एकदाही नाही. आणि आमचा साथीचा काळ जून ते सप्टेंबर. ब्लीचिंग पावडर आम्ही दर वेळी पाणी आटल्यावर घेतली आहे.

कागद ग्रामसभेत वाचला. आरडाओरडा झाला नाही, लोक गप्प झाले. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग आता आलेत का?" आलेत. यंदा २४ मार्चला.

पण या वेळी जानेवारीतच दरपत्रकं घेऊन ठेवली होती, त्यामुळे वजनकाटा आला. नवा, आकडे दाखवणारा. ताईंनी पहिल्या दिवशी सवयीनं चारशे वजा केले आणि एक धडधाकट पोरगं कुपोषितांत गेलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं.

सुईदोरा, तुमची पोस्ट आमच्या आशाताईंना वाचून दाखवली. त्यांनी काही न बोलता वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली. आमच्या अठराशेच्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं अकरा. दोन वर्षं समितीवर असून मला चार माहीत होती. काट्यातून उरलेले साडेतीन हजार या अकरा घरांसाठी वापरावेत असा ठराव मांडला. हातमोजे, जखमेची पट्टी, आशांना लागेल ते. सगळे हो म्हणाले. हिशेब लिहिणारे भाऊसाहेब म्हणाले, "हो, पण लिहू कशाखाली? लेखापरीक्षणात आक्षेप आला तर?"

ठराव त्या ओळीवर अडकला आहे. लेखाशीर्ष, तुमच्या नावाला जागा.

लेखाशीर्ष
२ एप्रिल, रात्री ९.३०

आक्षेप यायचं कारण नाही. या निधीच्या मार्गदर्शक सूचनांत अत्यंत गरीब कुटुंबाच्या आरोग्याच्या गरजेसाठी खर्च करता येतो. "रुग्णांना मदत" असं मोघम लिहू नका, तिथे लेखापरीक्षक हमखास थांबतो. असं लिहा:

"गावातील अंथरुणास खिळलेल्या ११ रुग्णांच्या गृहभेटीकरिता आवश्यक साहित्य (यादी सोबत) खरेदी करण्यास व सदर साहित्य आशा स्वयंसेविका यांचे ताब्यात देण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे."

साहित्याची साठा नोंदवही ठेवा. एक पान पुरेल. वर घरं, खाली तारखा. कुणाकडे काय दिलं ते आशांनी लिहावं आणि घरच्या माणसाची सही किंवा अंगठा.

आणि उपयोगिता प्रमाणपत्र १५ एप्रिलच्या आत हातानं नेऊन द्या, पोच घ्या. तालुक्याला तुमच्यामुळे हप्ता अडला असं व्हायला नको.

सुईदोरा
२ एप्रिल, रात्री ९.५०

त्या पानाचा फोटो इथे टाकाल का? नावं झाकून. सोमवारी माझ्या बावीस आशांची बैठक आहे, त्यांना तसंच पान आखून देते.

उंबरठा
२ एप्रिल, रात्री ९.५८

उद्या टाकतो. अंगठ्यासाठी रकाना जरा रुंद ठेवावा लागेल.